पुस्तक कोणी कोणाला दिले?

मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमीळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांत चालतात. देवनार, गोवंडी, मानखुर्द या पट्ट्यात तर एकाच गल्लीत यातल्या तीन-चार भाषा कानावर पडतात. इथले एखादे मूल घरी उर्दू बोलते, शेजारच्या पोरांबरोबर खेळताना मराठी उचलते आणि दुकानदाराशी मुंबईच्या हिंदीत सुट्ट्या पैशांवरून भांडते. त्याला कोणी समोर बसवून व्याकरण शिकवलेले नसते. हे सगळे फुकट मिळते, म्हणून त्याची किंमत लक्षात येत नाही.

त्याच गल्लीत जन्मतः ऐकू न येणारे मूल वाढत असेल, तर त्याच्या हाती यातले काहीच लागत नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. मुलाला त्यांचे बोलणे ऐकू येत नाही आणि त्यांना सांकेतिक भाषा येत नाही. मग जेवण, पाणी, झोप, बाहेर, मार मिळेल अशा दहा-वीस घरगुती खुणांवर सगळा व्यवहार चालतो. ‘उद्या मामाकडे जायचे आहे, पण पाऊस असला तर नाही’ एवढी साधी गोष्टही त्या खुणांत सांगता येत नाही. असे मूल पाचव्या-सहाव्या वर्षी शाळेत येते तेव्हा त्याची अडचण नुसती कानाची राहिलेली नसते. तोवर त्याला एकही पूर्ण भाषा मिळालेली नसते, आणि कानाच्या दोषापेक्षा हे नुकसान मोठे असते.

भाषा कानातून आली की डोळ्यांतून, याचे मेंदूला फारसे सोयरसुतक नसते. ऐकू येणारी बाळे ‘बाबाबा’ करतात, तशी घरात सांकेतिक भाषा असलेली कर्णबधिर बाळे बोटांनी बडबडतात, हे मॉन्ट्रियलच्या लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी 1991 मध्ये दाखवून दिले. वेळेचे मात्र मेंदूला फार असते. 2002 मध्ये रेचेल मेबरी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा पण महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी सांकेतिक भाषा मिळालेली कर्णबधिर माणसे नंतर इंग्रजी शिकताना, लहानपणी दुसरी एखादी बोलीभाषा मिळालेल्या ऐकू येणाऱ्या माणसांच्या बरोबरीने चालली. ज्यांना लहानपणी कोणतीच भाषा नीट मिळाली नव्हती, ती मात्र बरीच मागे राहिली. पहिली भाषा वेळेवर मिळाली की दुसरीचा पाया आपोआप भरतो.

म्हणूनच ‘खुणा शिकवल्या तर मूल बोलायचे राहील’ ही अनेक घरांतली आणि काही दवाखान्यांतलीही भीती तपासून पाहायला हवी. श्रवणदोष लवकर कळावा, हे खरेच. बाळाची पहिली चाचणी महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपाय सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावेत, असा जगभरचा दंडक आहे. 2013 मध्ये महाराष्ट्रातूनच सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट ज्याला उपयोगी आहे, त्याला ते मिळालेच पाहिजे. पण इम्प्लांट बसवले म्हणजे दुसऱ्या दिवशी मूल बोलू लागले, असे होत नाही. यंत्राची जुळवणी आणि वाचा उपचार यांत महिने, कधी वर्षे जातात. तेवढा काळ मुलाने भाषेविना काढावा, असा आग्रह धरण्याला शास्त्राचा आधार नाही.

वर्गात हे सगळे कुठे अडते, ते एका प्रत्ययावरून कळते. ‘सलमाने गणेशला पुस्तक दिले’ आणि ‘गणेशने सलमाला पुस्तक दिले’. दोन्ही वाक्यांत मुले तीच, पुस्तक तेच. सगळा अर्थ ‘ने’ आणि ‘ला’ या दोन इवल्याशा अक्षरांवर तोललेला. बोलताना आपण ती गिळतो, आणि ओठांवर ती जवळजवळ दिसतच नाहीत. (ओठ वाचून सगळे समजते असे ज्यांना वाटते त्यांनी आरशासमोर आवाज न काढता ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’ म्हणून पाहावे.) फळ्यावर ही वाक्ये शंभर वेळा उतरवून घेतली तरी कर्णबधिर मुलाच्या डोक्यात ती तीन शब्दांची मोळीच राहते: सलमा, गणेश, पुस्तक.

आता हेच खेळातून करता येते. सलमा उठून खरोखरचे पुस्तक गणेशच्या हातात देते. मग सगळा वर्ग ते सांकेतिक भाषेत सांगतो. भारतीय सांकेतिक भाषेत ‘देणे’ या क्रियापदाचा हात देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो, म्हणजे मराठीत जे काम ‘ने’ आणि ‘ला’ करतात ते इथे हाताची दिशा करते. नंतर मुलांना चिठ्ठ्या मिळतात. नावांच्या वेगळ्या, प्रत्ययांच्या वेगळ्या रंगाच्या. पुस्तक ज्याच्या हातून निघाले त्याच्या नावाला ‘ने’ चिकटवायचा, ज्याच्या हाती पोचले त्याच्या नावाला ‘ला’. पुस्तक उलटे फिरले की चिठ्ठ्याही फिरवायच्या. इथे मुलाला व्याकरण येतच असते, फक्त दुसऱ्या भाषेत. शिक्षकाने त्या दोन भाषांमध्ये पूल बांधायचा.

दुसरा खेळ चित्रांचा. एका मुलाकडे चित्र असते, जोडीदाराला ते दिसत नाही. पहिल्याने सांगायचे, दुसऱ्याने काढायचे. झाड डावीकडे की उजवीकडे, मांजर टोपलीत की टोपलीखाली, हे नेमके सांगितल्याशिवाय चित्र जमत नाही. मांजर चुकीच्या जागी उमटले की भांडण होते, पुन्हा सांगितले जाते, आणि नेमके त्या भांडणातच शिकणे होते. बोलीभाषेच्या वर्गात या खेळासाठी मुलांमध्ये पुठ्ठा उभा करतात. इथे तसे करून चालत नाही, कारण चेहरा आणि हात दिसायला हवेत. भुवया उंचावल्या की विधानाचा ‘हो की नाही’ प्रश्न होतो. असा चेहरा हा या भाषेत व्याकरणाचा भाग आहे.

बसण्याची रचनाही यातूनच ठरते. रांगांऐवजी अर्धवर्तुळ, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक जण दिसतो. शिक्षकाच्या पाठीमागे खिडकी नको, नाहीतर उजेडामुळे त्याचा चेहरा काळवंडतो. लक्ष वेधायला दिवा चालू-बंद करायचा किंवा बाकावर थाप मारायची.

तिसरी पद्धत लिहिण्याची. वर्ग बाजारात जाऊन येतो, मुले आपापल्या भाषेत हकीकत सांगतात आणि शिक्षक तीच फळ्यावर मराठीत मांडतो. ‘टोमॅटो महाग होते’ हे वाक्य मग मुलाचे स्वतःचे असते, पुस्तकातले नसते.

ऐकू येणारे लोक सांकेतिक भाषा शिकतात तिथेही हेच लागू पडते, फक्त पहिला नियम असतो तोंड बंद ठेवण्याचा. मराठी माणसाला एक सवलत आपसूक मिळते. भारतीय सांकेतिक भाषेत क्रियापद बहुधा शेवटी आणि प्रश्नार्थक शब्दही शेवटी येतो: तुझे, नाव, काय. इंग्रजीपेक्षा ही रचना आपल्याला जवळची. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात ‘उठा, दार उघडा, खुर्ची हलवा’ अशा आज्ञा शरीराने पाळत परकी भाषा शिकवण्याची पद्धत रूढ केली. तमीळ घरातल्या मुलाला मराठी शिकवतानाही ती उपयोगी पडते, कारण अर्थ आधी अंगात उतरतो आणि शब्द त्यावर बसतो.

कर्णबधिरांच्या शाळांत मात्र बराच काळ उलटे चालले. 1880 मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने तोंडी बोलण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला आणि वर्गातून हात हद्दपार झाले. भारतातली पहिली कर्णबधिरांची शाळा त्याच दशकात मुंबईत निघाली. वर्गात बंदी असली तरी मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात मुलांचे हात चालूच राहिले. निकाराग्वात 1970 आणि 80च्या दशकांत तर याची पराकाष्ठा झाली. शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते, आणि पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एकत्र आलेल्या मुलांनी मैदानावर नवी कोरी भाषा तयार केली. आज भाषाशास्त्रज्ञ तिचा अभ्यास करतात.

आपल्याकडे कागदावर चित्र बदलले आहे. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र 2015 मध्ये दिल्लीत स्थापन झाले. त्याच्या कोशात 2018 मध्ये तीन हजार शब्द होते, 2021 पर्यंत ते दहा हजार झाले. त्या शब्दांचे व्हिडिओ कोणालाही मोफत पाहता येतात. 2020च्या शैक्षणिक धोरणाने ही भाषा देशभर प्रमाणित करण्याचे म्हटले आहे आणि स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखण्याचेही. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून श्रवण आणि वाणीच्या क्षेत्रात काम करते.

कोश पाहून शब्द येतात, भाषा येत नाही. व्हिडिओतला माणूस उलट प्रश्न विचारत नाही, ‘मांजर टोपलीत नाही, खाली’ असे म्हणत हात धरत नाही. त्यासाठी ही भाषा सहज वापरणारा माणूस मुलाला समोर हवा, आणि असा माणूस म्हणजे बहुधा एखादा प्रौढ कर्णबधिर. शाळांमध्ये तो क्वचितच शिक्षक म्हणून दिसतो, ही यातली सगळ्यात मोठी उणीव. मुंबईत अशी माणसे दुर्मीळ मुळीच नाहीत. स्वतः कर्णबधिर असलेल्या अ‍ॅनेलिस कस्टर्स या बेल्जियन संशोधिकेने मुंबईच्या लोकलमधल्या अपंगांच्या डब्याचा अभ्यास केला आहे. गर्दीच्या वेळी शहरभरचे कर्णबधिर त्या डब्यात एकमेकांना गाठतात, बातम्या आणि चेष्टामस्करीची देवाणघेवाण करतात. कोणत्या गाडीला भेटायचे, ते मोबाइलवर आधी ठरलेले असते.