इंजिन ओरडतं, बोट हलत नाही

ओझर म्हटलं की विमानं आठवतात. १९६४ साली आलेल्या इथल्या कारखान्यात आधी मिग आणि पुढे सुखोई तयार झाली. पण जवळच्या गोदाकाठी, चांदोरी-सायखेड्यात, पावसाळ्यात महत्त्व येतं ते रबरी बोटीच्या मागच्या फळीवर बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनला. बचाव पथकांच्या बोलीत ते ‘ओबीएम’. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९च्या पुरात ही गावं पाण्याखाली गेली होती.

इंजिन जोरात ओरडतंय, पण बोट पुढे सरकत नाही, अशा वेळी जाणता माणूस इंजिनचं झाकण उघडत नाही. इंजिन बंद करून, सुरक्षा दोरीची क्लिप काढून तो आधी पाण्यातला पंखा वर उचलतो.

गोदावरीत पहिला संशय पानवेलींवर. त्या पात्यांना वेटोळं घालतात आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची जाळीही बुजवतात. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा त्याहून घातक. तो पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळला जाऊन सील कापतो. मग गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं आणि गिअर ऑइल दुधाळ दिसू लागतं.

पंखा स्वच्छ असूनही इंजिन वळणावर एकदम पळत असेल, तर तो वरची हवा ओढतोय. इंजिन फळीवर फार उंच बसलं की असं होतं. पंख्यावरची आडवी पट्टी साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत हवी.

सावकाश चालणारी बोट थ्रॉटल वाढवताच ढिली पडत असेल, तर दोष बहुधा पंख्याच्या रबरी बुशचा. बुशच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून एक सरळ रेघ मारावी आणि बोट चालवून पाहावी. रेघ तुटली तर बुश घसरतोय. लहान इंजिनांत त्या जागी शिअर पिन असते. पंखा दगडावर आपटला की ती तुटते, गिअर वाचतात. म्हणून तिच्या जागी खिळा ठोकणं महागात पडतं.

थरथर जाणवली तर पातं वाकलंय किंवा शाफ्ट. सगळं ठीक असून भरलेल्या बोटीत इंजिनचे फेरे चढत नसतील, तर कमी पिचचा पंखा लावावा. पिच एक इंच कमी केला की मिनिटाला साधारण २०० फेरे वाढतात.

पुरात गॅरेज गाठता येत नाही. म्हणून जादा पंखा, पिना आणि नटाच्या मापाचा पाना बोटीतच हवा, आणि ते अंधारात बदलण्याचा सराव जूनआधी झालेला हवा.