म्हातारपणी फ्लूची लस: मोठी मात्रा की साधी?

देऊळघाटच्या वस्तीत फिरताना अलीकडे एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. पुण्या-मुंबईला कामाला असलेली मुले फोनवर सांगतात, "आईला साधी फ्लूची लस देऊ नका. म्हाताऱ्या माणसांसाठी जास्त ताकदीची लस निघाली आहे, तीच बघा." मग चौकशी सुरू होते. कुणी बुलढाण्याला विचारतो, कुणी अकोल्याला. तेवढ्यात पेरणी येते, पाऊस लागतो आणि आईला मोठीही लस मिळत नाही, साधीही मिळत नाही. म्हणून या वेळी हाच विषय नीट समजून घेऊ.

दोन लसींत फरक कशाचा?

फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे. इन्फ्लुएंझा नावाच्या विषाणूचा तो ताप आहे. २००९ मध्ये ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणू लागलो, तोही याच घराण्यातला. त्या साथीतला देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला होता. तो विषाणू गेला नाही, आता दरवर्षीच्या फ्लूमध्येच मिसळून येतो.

साध्या लसीत विषाणूच्या प्रत्येक प्रकाराविरुद्ध १५ मायक्रोग्रॅम औषधी अंश असतो. मोठ्या मात्रेच्या लसीत तोच अंश ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे चौपट असतो. दोन्ही लसी मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांपासून बनतात. त्यामुळे लसीने फ्लू होतो हा समज खोटा आहे.

चौपट कशासाठी? वय वाढते तशी शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. तरुण माणसाचे शरीर लस मिळाली की लगेच तयारीला लागते, पासष्टी ओलांडलेल्या माणसाचे शरीर तेवढी तयारी करत नाही. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी आपण मोठ्याने बोलतो, तसाच हा प्रकार आहे. अमेरिकेत ही मोठी मात्रा २००९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून तिथे ६५ वर्षांवरील लोकांना ती किंवा तशाच वाढीव ताकदीच्या लसी आधी द्याव्यात असे सांगितले जाते.

फायदा नेमका किती?

"चोवीस टक्के जास्त परिणामकारक" असे वाचले की फार मोठा फरक वाटतो. टक्केवारी बाजूला ठेवून माणसे मोजू.

अमेरिका आणि कॅनडात २०११ ते २०१३ या काळात ६५ वर्षांवरील सुमारे ३२ हजार लोकांवर अभ्यास झाला. निम्म्यांना मोठी मात्रा, निम्म्यांना साधी. साधी लस घेतलेल्या हजार लोकांत १९ जणांना तपासणीत सिद्ध झालेला फ्लू झाला. मोठी मात्रा घेतलेल्या हजारांत १४ जणांना झाला. म्हणजे हजारामागे पाच माणसे जास्त वाचली.

त्यानंतर डेन्मार्कमध्ये याहून कितीतरी मोठा अभ्यास झाला. त्यात ३ लाख ३२ हजार लोक होते आणि त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे फ्लू किंवा न्यूमोनियाने दवाखान्यात भरती व्हावे लागले असे किती, हे मोजले. साधी लस घेतलेल्या दहा हजारांत ७३, मोठी मात्रा घेतलेल्या दहा हजारांत ६८. हा फरक इतका लहान होता की तो लसीमुळेच पडला असे ठामपणे म्हणता आले नाही. मात्र फक्त फ्लूमुळे भरती झालेले वेगळे मोजले, तेव्हा ते दहा हजारांत ११ वरून ६ वर आलेले दिसले.

यातून काय घ्यायचे? मोठी मात्रा म्हाताऱ्या माणसांत थोडी सरस आहे, हे खरे. पण या दोन्ही अभ्यासांत दोन्ही गटांना लस मिळालेली होती. तुलना लस आणि लस यांची होती. आपल्या वस्तीतली तुलना मात्र लस आणि काहीच नाही, यांची आहे. साधी लस चांगल्या वर्षी फ्लूच्या आजारपणाचा धोका साधारण ४० ते ६० टक्के कमी करते. म्हाताऱ्या माणसांत हा आकडा खाली येतो, तरी आजार गंभीर होण्यापासून ती बराच बचाव करते. म्हणून आमचे सांगणे सरळ आहे: मोठी मात्रा सहज मिळाली आणि परवडली तर घ्या. नसेल तर तिची वाट पाहू नका, साधी लस वेळेवर घ्या.

आणखी एक सूचना. मोठी मात्रा मिळाली नाही म्हणून साध्या लसीची दोन इंजेक्शने घेऊ नका. मोठ्या माणसाला वर्षाला एकच पुरे. विषाणू रूप बदलतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते.

केव्हा घ्यायची?

परदेशातली माहिती वाचून काही जण दिवाळीला लस घेतात. त्यांच्याकडे फ्लू हिवाळ्यात येतो. आपल्याकडे त्याचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये असतो आणि थंडी सरताना तो पुन्हा थोडा डोके वर काढतो. लसीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. तेव्हा लक्षात ठेवायला सोपा हिशेब असा: भीमजयंती झाली की चौकशी सुरू करायची आणि वर्षावास सुरू होण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना लस देऊन मोकळे व्हायचे. उशीर झालाच, तर उशिरा घेतलेलीही न घेतलेल्यापेक्षा बरी.

पैसे आणि आपला हक्क

खासगीत साधी लस दीड ते दोन हजार रुपयांच्या आसपास पडते. निंदणीला जाणाऱ्या बाईची आठवड्याची मजुरी यात जाते. लहान मुलांच्या सरकारी लसीकरणात ही लस नाही. पण महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये गरोदर माता, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण अशा जोखमीच्या लोकांना ती सरकारी दवाखान्यात मोफत द्यायला सुरुवात केली. आपल्या वस्तीतल्या किती आजी-आजोबांना शुगर किंवा बीपी आहे, ते मोजून बघा. पन्नाशीनंतर असे एखादे तरी माणूस नसलेले घर सापडणे कठीण.

अडचण साठ्याची असते. एकटा माणूस विचारायला गेला की "सध्या नाही" एवढे उत्तर मिळते आणि तो परत येतो. म्हणून विहारात बसून यादी करा: नाव, वय, आजार. आशाताईंना सोबत घ्या. सर्वांचा मिळून एक लेखी अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. साठा केव्हा येईल ते लेखी विचारा. हाच प्रश्न ग्रामसभेतही मांडा. जाताना शुगर-बीपीचे कार्ड किंवा जुनी चिठ्ठी न्यायला विसरू नका.

हा आग्रह का, ते इतिहासात दिसते. १९१८ च्या फ्लूच्या साथीत मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वात जास्त मृत्यू झालेल्या भागांपैकी एक होता. त्याच साथीतल्या मुंबईच्या नोंदींत ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटले, त्यांच्यात हजारी सुमारे ६१ माणसे दगावली, इतर हिंदूंमध्ये सुमारे १९ आणि युरोपियनांमध्ये ८. विषाणू जात विचारत नाही. पण दाटीची घरे, उपासमार आणि दूर असलेला दवाखाना यांनी कोण मरेल ते ठरवले. आज लस आहे. ती आपल्या दारापर्यंत पोचली नाही, तर तीच यादी पुन्हा लिहिली जाईल.

घेताना काय पाहायचे?

लस २ ते ८ अंश थंडीत ठेवावी लागते, पण गोठता कामा नये. दुकानातून आणायची असेल तर फ्रिजमधूनच द्यायला सांगा, थंड डब्यात आणा आणि थेट बर्फावर ठेवू नका. शक्यतो जिथे लस आहे तिथेच टोचून घ्या. पेटीवरची मुदत आणि ती कोणत्या हंगामाची आहे हे वाचा. मात्रा १५ की ६०, तेही तिथेच छापलेले असते.

पूर्वी याच लसीने अंगावर गांधी उठून श्वास कोंडला असेल, तर ती घेऊ नका. जोराचा ताप असेल तर उतरू द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सिस्टरला आधी सांगा. दंड दुखणे, अंग मोडून येणे, एखादा दिवस कणकण हे होऊ शकते. मोठ्या मात्रेत ते थोडे जास्त होते. दोन दिवसांत ओसरते.

लस घेतली तरी फ्लू होऊ शकतो. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी तापही येत नाही. ते नुसते पडून राहते, जेवत नाही, असंबद्ध बोलते. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे यांपैकी काही दिसले तर घरी काढा देत बसू नका, १०८ ला फोन करा. फ्लूवरची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते.

यादी या आठवड्यात करा. सर्वात आधी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे नाव लिहा, कारण त्यांच्यासाठी फोन करणारे कुणी नसते.