नको तिथली प्रभावळ

देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते. पितळेची, चांदीची, नाहीतर दगडातच कोरलेली. मराठीत प्रभावळ, कन्नडमध्ये प्रभावळी. आपल्या घरांतल्या दोन्ही भाषांना हा शब्द सारखाच ओळखीचा. देवाच्या तसबिरीतही मस्तकामागे तेजोवलय असते आणि ते तिथे शोभतेच. पण हल्ली ही प्रभावळ भलत्याच ठिकाणी दिसू लागली आहे. उणकल तळ्यातल्या विवेकानंदांच्या पुतळ्याभोवती, नवरदेवाच्या फेट्याभोवती, इतकेच काय, तळ्याकाठच्या साध्या नारळाच्या झाडाभोवतीसुद्धा! एक पांढरट, धुरकट कड. फोटो काढला तेव्हा ती नव्हती. मग मोबाइलवर किंवा संगणकावर फोटो ‘सुधारताना’ ती आली. फोटोग्राफर मंडळी तिला ‘हेलो’ म्हणतात.

मी व्यावसायिक छायाचित्रकार नव्हे. कॉलेजात भाषा शिकवते. पण वार्षिकांकाचे काम बरीच वर्षे माझ्याकडे असल्यामुळे मुलांचे शेकडो फोटो नजरेखालून जातात. त्यातून जे कळत गेले ते वाचकांपुढे ठेवते आहे.

ही कड येते कुठून?

पहिले कारण म्हणजे ‘शार्पनिंग’. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली एक गंमत नोंदवली होती. फिकट आणि गडद पट्टे शेजारी शेजारी ठेवले, की दोहोंच्या सीमेवर फिकट भाग अधिक फिकट आणि गडद भाग अधिक गडद भासतो. कागदावर तसे काही नसते. आपला डोळाच कडा ठळक करून पाहतो. शार्पनिंग करणारा प्रोग्रॅम नेमके हेच काम फोटोत करतो. कडेच्या अलीकडचे उजळ करतो, पलीकडचे काळे करतो. थोडे केले की फोटो रेखीव वाटतो, जास्त केले की ती रेघच दिसू लागते. ही युक्ती संगणकाच्याही आधीची आहे. डार्करूममध्ये निगेटिव्हवरून मुद्दाम एक धूसर पॉझिटिव्ह करून दोन्ही एकत्र जुळवून छपाई करत. त्या धूसर प्रतीमुळे पडलेले ‘अनशार्प मास्क’ हे नाव फोटोशॉपमध्ये आणि फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये आजही टिकून आहे.

दुसरे कारण आकाशाचे. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची जुनी इमारत दुपारच्या आकाशापुढे टिपली, तर इमारत काळी येते आणि आकाश पांढरे. मग आपण ‘शॅडोज’ वर ओढतो, ‘हायलाइट्स’ खाली ओढतो, नाहीतर ‘एचडीआर’चे बटण दाबतो. प्रत्येक ठिपका किती उजळायचा हे प्रोग्रॅम त्याच्या आजूबाजूचे पाहून ठरवतो. छपराच्या कडेला मात्र आजूबाजूला अर्धी इमारत आणि अर्धे आकाश! तिथे त्याचा हिशेब चुकतो. दूरचे आकाश गडद होते, छपराला लागून असलेले तेवढे उजळच राहते आणि इमारत जणू पेटल्यासारखी दिसते. ‘क्लॅरिटी’ आणि ‘स्ट्रक्चर’ या पट्ट्याही याच जातीच्या.

तिसरे कारण कापाकापीचे. माणूस कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर चिकटवला, की जुन्या पार्श्वभूमीची बारीक झालर केसांना लागून येते.

त्यात भर म्हणजे मोबाइल फोन फोटो काढतानाच स्वतःहून शार्पनिंग करून ठेवतो. त्यावर आपण अ‍ॅपमधून पुन्हा करतो. मग तो व्हॉट्सअ‍ॅपवरून मावशीकडे जातो, तिथे त्याचा आकार दाबला जातो, आणि मावशीचा मुलगा तो ‘स्पष्ट’ करायला घेतो. ताकाला किती वेळा फोडणी द्यायची?

अर्थात प्रत्येक उजळ कड खोटी नसते. सूर्य डोक्यामागे असेल तर केसांच्या टोकांवर खरा प्रकाश चमकतो. ओळखायची खूण सोपी आहे. खरा प्रकाश केसांवर पडतो, तोही एका बाजूला जास्त. खोटी कड केसांच्या बाहेर, मागच्या भिंतीवर किंवा आकाशावर असते आणि सगळीकडून जवळजवळ सारख्याच रुंदीची असते.

अज्जीचा फोटो

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रेघेचे काय घेऊन बसलात? दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीची अज्जी वारली. अज्जीचा एकटीचा असा धड फोटो घरात नव्हता. नातवाच्या मुंजीतला घरच्या सगळ्यांचा एक फोटो तेवढा होता. तेराव्याला फ्रेम हवी म्हणून घाईघाईने एका स्टुडिओतून त्यातली अज्जी कापून, मोठी करून, मागे निळा पडदा घालून आणली. कपाळावरचे विरळ पांढरे केस कापणीत गेले होते आणि डोक्याभोवती, पदराभोवती पांढरी रेघ उठली होती. ज्या सुनेने शेवटची चार वर्षे त्यांचे सगळे केले, तिने फ्रेम पाहिली आणि म्हणाली, “इदु नम्म अत्ती अल्ल.” या आमच्या सासूबाई नव्हेत.

मुलगी फ्रेम घेऊन माझ्याकडे आली. “मॅडम, ही रेघ पुसता येईल का?” मी म्हटले, “रेघ पुसशील, पण गेलेले केस कुठून आणशील? मुंजीचा मूळ फोटो आण.” तो आम्ही सहाशे डीपीआयवर नव्याने स्कॅन केला, स्कॅनरचे स्वतःचे शार्पनिंग बंद ठेवून. अज्जीला कापले नाही. मागचा मांडव तसाच ठेवून फक्त किंचित धूसर केला. फोटो थोडा मऊ आला, पण चेहरा त्यांचाच आला. आज तो त्यांच्या माजघरात आहे.

दुरुस्ती कशी करावी?

सर्वांत चांगली दुरुस्ती म्हणजे मूळ फोटोकडे परत जाणे आणि पट्ट्या निम्म्यावर आणणे. अनशार्प मास्कमध्ये तीन आकडे असतात. ‘रेडियस’ म्हणजे कडेची रुंदी. ती साधारण एक पिक्सेलच्या आसपास ठेवावी. प्रभावळ मोठी होते ती मुख्यतः हा आकडा वाढवल्याने. ‘अमाउंट’ म्हणजे जोर. ‘थ्रेशोल्ड’ थोडा वाढवला तर गालाची कातडी सुटते आणि फक्त ठळक कडांवरच काम होते. स्नॅपसीडसारख्या अ‍ॅपमध्ये केलेला बदल पुन्हा उघडून, ब्रशने तो हवा तेवढ्याच भागावर ठेवता येतो. आकाशाला लागलेली कड त्यातून वगळावी.

मूळ फोटो हरवलाच असेल तर फोटोशॉप किंवा गिंपमधला ‘क्लोन’ ब्रश घ्यावा आणि त्याचा मोड ‘डार्कन’ करावा. पांढऱ्या कडेच्या थोडे पलीकडचे चांगले आकाश नमुना म्हणून उचलावे आणि कडेवरून हलक्या हाताने, तीस-चाळीस टक्के जोराने फिरवावे. या मोडमध्ये नमुन्यापेक्षा उजळ ठिपकेच बदलतात, म्हणून काळ्या छपराला धक्का लागत नाही. आकाशाचा रंग वरून खाली बदलत जातो, तेव्हा नमुना वरचेवर नव्याने उचलावा. कडेच्या आतल्या बाजूला काळी रेघ असेल तर उलट ‘लायटन’ मोड वापरावा. डाग घालवणारा ‘हीलिंग’ ब्रश मात्र अगदी कडेवर चालवू नये. तो दोन्हीकडचे रंग कालवून ठेवतो.

मुळातच टाळायची तर

सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर फोटो काढावा. उणकलच्या चंद्रमौळेश्वर मंदिराचा दगड त्या तिरप्या उन्हात आपोआप उठून दिसतो. नंतर पट्ट्या ओढाव्याच लागत नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर आकाशावर बोट टेकवले तर आकाश पांढरे फटक होत नाही. माणसाचा फोटो असेल तर उन्हाच्या समोरच्या बाजूला एक पांढरी चादर धरावी. चेहऱ्यावर उजेड परततो. काम करताना फोटो शंभर टक्के मोठा करून कडा तपासाव्यात, आणि झाल्यावर एक रात्र तसाच ठेवून सकाळी ताज्या नजरेने पाहावा. रात्री अकराला जे ‘झकास’ वाटते ते सकाळच्या चहाबरोबर पुष्कळदा भडक वाटते.

शार्पनिंग सर्वांत शेवटी, ज्या आकारात फोटो छापायचा त्या आकारात, आणि एकदाच. सुधारलेली प्रत नेहमी वेगळ्या नावाने साठवावी. जुन्या फोटोंचे स्कॅन एका पेन ड्राइव्हवर आणि एका नातेवाइकाच्या संगणकावर असे दोन ठिकाणी ठेवावेत. दिवाळीत अल्बम खाली काढाल तेव्हा हे काम घरातल्या कॉलेजकुमारावर सोपवा, आणि त्याच्याशेजारी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना बसवा. चेहरा खरा राहिला की नाही, हे त्याच सांगू शकतील.