घानात वीज गेली म्हणून

भिवंडीत टेमघरच्या रस्त्यावर ट्रेलर रखडले की दोष खड्ड्यांना नाहीतर मेट्रोच्या कामाला जातो, आणि बहुतेकदा तो बरोबरच असतो. जून २०१७ च्या अखेरीस मात्र अडचण न्हावाशेवा बंदरातच होती. जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. क्रेन धडधाकट, माणसं हजर; पण कुठला कंटेनर कुठे रचलाय हे सांगणारे संगणकच बंद. टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाच्या संगणकांत ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस शिरला होता.

तो न्हावाशेवासाठी सोडलेला नव्हताच. युक्रेनमध्ये करहिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एम.ई.डॉक’ सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून २७ जूनला तो पसरला आणि मर्स्कच्या तिथल्या कार्यालयातून जगभर गेला. पडद्यावर मागणी होती ३०० डॉलरची, बिटकॉइनमध्ये. एरवी रॅन्समवेअरवाले फायलींना कुलूप लावून किल्लीचे पैसे मागतात. इथे किल्लीच नव्हती. खंडणीचं सोंग घेऊन सरळ नासधूस. आपलं लक्ष मात्र खंडणीच्या आकड्यावरच जातं. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या सर्व्हरवर हल्ला झाला, तेव्हाही चर्चा रंगली ती ५०० कोटींची. १६ प्रादेशिक कार्यालयांचं काम अडलं, त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही.

मर्स्कने दहाएक दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे केले. त्यात मोठा वाटा घानाचा. कुणाला कुठवर प्रवेश, याची नोंद ठेवणारे कंपनीचे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर होते. प्रत्येकात तीच नोंद, म्हणजे एक गेला तर दुसरा आहे. सगळे एकदम पुसले जातील, असं कुणी धरलंच नव्हतं. हल्ल्याच्या वेळी घानातल्या कार्यालयात वीज गेलेली होती. तिथला सर्व्हर जाळ्याबाहेर राहिला आणि वाचला. पण इंटरनेट इतकं मंद, की सगळा डेटा ब्रिटनला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. अखेर एकजण नायजेरियाला गेला आणि विमानतळावर हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली. वीज जाण्याने कुणाचं भलं झालं, हे यंत्रमागवाल्या भिवंडीला पटायला अवघडच!

इथल्या गोदामांच्या ऑफिसांतही बॅकअप असतो, पण बऱ्याचदा ती डिस्क त्याच संगणकाला चोवीस तास जोडलेली. मग तीही गेलीच. काढून कपाटात ठेवलेली दुसरी डिस्क तेवढी वाचते. शिवाय एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचा असतो. शेठ गावाला, कॉम्प्युटरवाला फोन उचलत नाही, एवढ्यातच ते सहा तास सहज जातात.