भट्टीविना नान

माझे बालपण मराठवाड्यात गेले. तेथे नान हा घरी करावयाचा पदार्थ आहे असे कोणी म्हटले असते, तर ऐकणारा त्याच्या तोंडाकडेच पाहत राहिला असता. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ज्यांच्या घरी नानखलियाची दावत असे ते खलिया अंगणातल्या देगेत शिजवीत. परंतु हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेले ते पिवळसर नान मात्र भट्टीवाल्याकडून, नगांच्या हिशोबाने, टोपल्यांतून येत. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीस आणली तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर ही जोडी दक्षिणेत उतरली, अशी तिकडची आख्यायिका आहे. आख्यायिकेकडे दफ्तरी पुरावा मागू नये. पण नान हे लष्कराचे आणि बाजाराचे अन्न आहे, एका कुटुंबाच्या चुलीचे नव्हे, एवढे तिच्यातून उमगते. पंजाबात ज्याला ‘सांझा चुल्हा’ म्हणतात तोही याच जातीचा: कणीक घरची, तंदूर मोहल्ल्याचा.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट या गावी बिऱ्हाड थाटल्यावर ही गोष्ट मी साफ विसरलो. देशी वाण्याच्या दुकानात गोठवलेल्या नानांची पाकिटे मिळतात, ती आणून मायक्रोवेव्हमध्ये गरम करावीत, पहिले दोन घास मऊ लागावेत आणि तिसऱ्या घासाला नान चपलेच्या तळासारखा व्हावा, असा क्रम काही महिने चालला. यात पाकिटाचा दोष थोडा आणि आपला अधिक. भाजलेल्या पिठातील पिष्ट थंड होताना पुन्हा घट्ट बसू लागते, आणि ही क्रिया सर्वांत वेगाने घडते ती शीतकपाटातील थंडीत. खोल गोठवल्यास ती जवळजवळ थांबते. म्हणून उरलेला नान शीतकपाटात न ठेवता गोठवावा, आणि खाण्यापूर्वी त्यावर पाण्याचा हबका मारून तापल्या तव्यावर मिनिटभर उलटसुलट करावा. मायक्रोवेव्हपेक्षा हा उपाय शतपटीने बरा. तरीही तो शिळ्याला उजळा देण्याचा उपाय आहे, ताज्याची सर त्याला नाही.

मग अर्थातच स्वतः करण्याची हौस आली, आणि हौसेपाठोपाठ फजिती. मातीचा तंदूर निखाऱ्यांनी तापला म्हणजे त्याच्या आतली उष्णता चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याहूनही वर जाते. भिंतीला थापलेल्या नानाची पाठ तापलेल्या मातीने भाजते आणि तोंड निखाऱ्यांच्या धगीने, दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे दीड-एक मिनिटात फोड उठून, काळे ठिपके पडून नान तयार होतो, आणि आतल्या ओलाव्याला निघून जाण्याची उसंतच मिळत नाही. घरगुती ओव्हनची धाव मात्र दोनशे साठ ते दोनशे नव्वद अंशांपर्यंतच. तेथे रंग चढेपर्यंत सहा-सात मिनिटे जातात, तेवढ्या अवधीत पाणी उडून जाते, आणि ज्याला आपण नान म्हणून वाढतो तो वास्तविक जाड खाकरा असतो. मृदुत्व हे घटकांवर अवलंबून असते अशा समजुतीने मी दह्याचे, दुधाचे, तुपाचे प्रमाण वाढवीत गेलो. वेळ ही गोष्ट वजनकाट्यावर मोजता येत नाही, एवढे लक्षात येण्यास एक हिवाळा खर्ची पडला. त्याच हिवाळ्यात एका रात्री तव्याच्या धुराने छताची धूरघंटा वाजली आणि सारी इमारत थंडीत अंगणात उभी राहिली. त्यानंतर पुष्कळ दिवस शेजारीण ‘आज काही भाजणार का?’ असे विचारूनच झोपावयास जात असे.

पिठाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण परदेशी दुकानात मैदा या नावाने मैदा मिळत नाही. अमेरिकेतील साध्या पिठात प्रथिने साधारण दहा ते बारा टक्के असतात. पावासाठी विकतात त्या कडक पिठात बारा-तेराच्या घरात. कडक पिठाचा गोळा लाटला की लगेच आखडतो. त्याच्याशी हुज्जत घालू नये, झाकून वीस मिनिटे विसावू द्यावा. जर्मनीत राहणाऱ्याने पिशवीवरील ४०५ किंवा ५५० हा आकडा पाहावा. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यास मागे किती मिलिग्रॅम राख उरते त्याचा तो निर्देश असतो, आणि आकडा जितका लहान तितके पीठ पांढरे. दह्याच्या नावाखाली ‘ग्रीक’ म्हणून जे दाट प्रकरण मिळते तो आपला चक्काच होय; तो पाणी घालून सैल करून घ्यावा, नाहीतर पीठ कोरडे राहते. अर्धा किलो पिठास अर्धी वाटी दही, यीस्टची सात ग्रॅमची एक पुडी, चमचाभर मीठ, आणि पीठ हाताला किंचित चिकटेल इतके कोमट पाणी. पोळीच्या कणकेसारखे घट्ट मळले तर पुढील सर्व परिश्रम व्यर्थ.

गॅसची शेगडी असेल त्याला एक तोड आहे. लांब दांड्याचा लोखंडी तवा कडकडीत तापवून, नानाच्या एका बाजूस पाणी लावून ती बाजू तव्यावर चिकटवावी, आणि वर बुडबुडे आले की तवाच उलटा करून ज्वालेसमोर धरावा. तवा म्हणजे भिंत, ज्वाला म्हणजे निखारे. न चिकटणारा तवा येथे निरुपयोगी, कारण चिकटणे हेच त्याच्याकडून हवे असते. विजेची शेगडी असल्यास बिडाचा तवा आधी चुलीवर लाल होऊ द्यावा, नान टाकून तो ओव्हनच्या वरच्या धगीखाली सरकवावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. याने जे निष्पन्न होते ते तंदूरचे नव्हे, पण पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागत नाही.

इंग्लंडातील उपाहारगृहांत ‘पेशवारी’ नान मिळतो. नाव वाचून पुणेकराने उगीच शनिवारवाड्याकडे पाहू नये, ते पेशावरवरून आलेले आहे. आत मात्र खोबरे, बेदाणे आणि बदाम यांचे गोड सारण, म्हणजे पेशावरपेक्षा कोकणालाच जवळचे. तो भाजणारे बहुधा सिल्हेटकडचे, भातखाऊ मुलखातले. तरी नान उतरतो चांगला, कारण मुदपाकखान्यात तंदूर असतो.

हे लक्षात आल्यावर मी पाककृतींचा नाद सोडून भट्टीचा शोध सुरू केला, आणि ती घराजवळच निघाली. फ्रीमाँटमध्ये अफगाणांची मोठी वस्ती आहे, आणि अफगाण असतील तेथे नानवाई असतो. त्यांचा नान लांबट, बोटांनी चर पाडलेला, वर कलौंजी किंवा तीळ. दही-दूध नाही, लोण्या-लसणाचे मर्दन नाही. हॉटेलातल्या तुपाळ नानाची सवय झालेल्यास तो प्रथम रूक्ष वाटेल. मला तो औरंगाबादच्या भट्टीचा सख्खा चुलतभाऊ वाटला. इराण्यांच्या बेकरीत संगक मिळतो, तो तापलेल्या खड्यांवर भाजतात. आपल्या संगमरवरातला ‘संग’ तोच, म्हणजे दगड. घरी आणल्यावर त्यात एखादा खडा अडकला नाही ना, हे मात्र पाहून घ्यावे.

तेव्हा परगावी नवे बिऱ्हाड केलेल्या वाचकाने नानासाठी प्रथम देशी दुकान न शोधता अफगाण, इराणी अथवा उझबेक भट्टी शोधावी, दुपारी नान निघण्याच्या वेळेस जावे, आणि दोन हवे असतील तर तीन घ्यावेत. एक घरी पोहोचेपर्यंत संपतो.