घाटेअळी औषधाला दाद का देत नाही

येळवशीला आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्यात गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. मार्गशीर्ष अमावस्येचा हा सण कलबुर्गी-बिदरपासून लातूर, धाराशिव, सोलापूरपर्यंतच्या पट्ट्याचा. भज्जी, आंबील, उंडे, सगळं शेतातच. नेमकी त्याच सुमारास तूर शेंगेवर असते. जेवणं झाल्यावर दहावीतल्या कुणाही मुलानं तुरीची एक फांदी वाकवून बघावी. शेंगेला गोल भोक, डोकं आत आणि मागचा भाग बाहेर ठेवून खात बसलेली घाटेअळी, अंगावर उभ्या फिक्या रेघा. एक अळी हिरवी, शेजारच्या शेंगेवरची तपकिरी, तिसरी गुलाबीसर. बोट लावलं की अंगाचं वेटोळं करते.

थोरांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "तीन फवारे झाले, दाद देत नाही. औषधाला सरावलीय." यातलं निरीक्षण सोळा आणे खरं आहे. कारण मात्र चुकीचं आहे. सजीवांची उत्क्रांती कशी होते हे समजून घ्यायचं असेल तर डायनासोरपेक्षा ही चूक दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेली बरी.

औषधाला अळी सरावत नाही. फवारा बसला की ती मरते किंवा वाचते. मेली तर प्रश्न मिटला. वाचली तर ती आधीही तशीच होती. बदलतं ते शिवारातल्या अळ्यांमधलं प्रमाण. हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. एका शिवारात एक लाख अळ्या आहेत. त्यांतल्या फक्त शंभर अशा, की ज्यांच्या शरीरात ते विष मोडून टाकण्याची सोय जन्मतःच आहे. बाकी ९९,९००. फवारा चांगला आहे, शंभरातल्या ९९ साध्या अळ्या मारतो. म्हणजे साध्या उरल्या ९९९, आणि त्या शंभर होत्या तशाच. शेतकऱ्याला वाटतं, रान साफ झालं. पण हजारात एक असलेली टणक अळी आता अकरात एक झाली. वाचलेल्या जमिनीत उतरतात, कोष करतात, पतंग होऊन अंडी घालतात. एक मादी हजाराच्या आसपास अंडी सहज घालते. संख्या पुन्हा लाखावर गेली की त्यात टणक अळ्या सुमारे ९,१०० असतील. तोच फवारा पुन्हा मारा. साध्या ९०० च्या आसपास उरतील, टणक ९,१०० जशाच्या तशा. शंभरातल्या ९१. तिसऱ्या वेळी तेच औषध, तोच पंप, तेच प्रमाण घेऊन माणूस शेतात उतरतो तेव्हा शंभरातल्या नऊच अळ्या मरतात.

प्रत्यक्षात हे इतक्या झपाट्यानं होत नाही. नर-मादीच्या संकरात गुण मिसळतात, शेजारच्या रानांतून साधे पतंग येत राहतात. पण दिशा हीच असते. या सगळ्यात एकही अळी बदलली नाही, तरी अळ्यांची वस्ती बदलली. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५८ मध्ये जगापुढे ठेवलेली नैसर्गिक निवड ती हीच. तिला तीनच गोष्टी लागतात : एकाच जातीच्या जीवांत फरक असावा, तो फरक आईबापांकडून पोरांकडे जावा, आणि त्या फरकामुळे कुणाची संतती जास्त उरावी, कुणाची कमी. मधली अट विद्यार्थी नेमकी विसरतात. हिरवी, तपकिरी, गुलाबी अळी हा फरक डोळ्यांत भरतो, पण त्याचा बराचसा भाग अळीनं काय खाल्लं यावर ठरतो. असा फरक पुढच्या पिढीत जात नाही आणि उत्क्रांतीच्या हिशेबात धरला जात नाही. विष मोडण्याची ताकद जनुकात असते, म्हणून ती धरायची.

मग त्या पहिल्या शंभर अळ्यांकडे ही ताकद आली कुठून? ऑस्ट्रेलियातल्या घाटेअळीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये याचं एक सुरेख उत्तर दिलं. फेनव्हॅलरेट हे आपल्याकडेही भरपूर वापरलं गेलेलं कीटकनाशक. त्याला न जुमानणाऱ्या अळ्यांत त्यांना एक जोडजनुक सापडलं, सीवायपी३३७बी३ नावाचं. अंडपेशी आणि शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. ती अदलाबदल जराशी सरकून झाली आणि शेजारशेजारच्या दोन जनुकांचे भाग जुळून तिसरंच जनुक तयार झालं. त्यापासून बनणारं विकर फेनव्हॅलरेटचे रेणू बदलून निकामी करतं. हे उत्परिवर्तन औषध आलं म्हणून घडलं नाही. असे फेरफार सतत घडत असतात; बहुतेक निरुपयोगी, काही घातक. औषध आलं तेव्हा त्यांतला एक कामी आला. गरज पडली म्हणून निसर्ग गुण देत नाही, हे मुलांच्या मनात ठसायला सगळ्यात कठीण जातं असं मला वाटतं, कारण आपली रोजची भाषाच 'जिराफानं मान लांब केली' अशा थाटाची असते.

दुसरा गैरसमज 'बळी तो कान पिळी' हा. उत्क्रांती म्हणजे धटिंगणांचं राज्य, असं समजून कितीतरी लोक तिच्यावर रागावतात आणि कितीतरी लोक तिचा आधार घेऊन माणसांना तुडवतात. तुरीच्या शेतात वाचलेली अळी मोठी नसते, आक्रमक नसते, हुशार नसते. तिच्याजवळ एक विकर असतं, बस्स. ज्या शेतात फवाराच होत नाही तिथं त्या विकराचा तिला उपयोग नाही, उलट ते बनवण्याचा खर्च अंगावर पडू शकतो. योग्य कोण, हे परिस्थिती ठरवते, आणि परिस्थिती बदलली की उत्तर बदलतं.

याची किंमत आपल्या भागानं फार जबर मोजली आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं, म्हणजे सायपरमेथ्रिन, फेनव्हॅलरेट वगैरे, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली तेव्हा रामबाण वाटली. १९८७-८८ मध्ये किनारी आंध्रातल्या कपाशीवर घाटेअळी तुटून पडली आणि ही औषधं निकामी ठरली. ती किडीत भिनलेली प्रतिकारशक्ती शास्त्रज्ञांनी लगेचच मोजून दाखवली. दहा वर्षांनी, १९९७-९८ च्या हंगामात, अवेळी पाऊस, ढगाळ हवा आणि घाटेअळी यांनी बिदर आणि तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यातली तूर खाल्ली. औषधावर औषध मारून कर्ज वाढलं, शेंगा पोकळ निघाल्या. त्यानंतर बिदर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, ज्यांवर समाजशास्त्रज्ञ ए. आर. वसावी यांनी लिहिलं आहे. त्या मरणांमागं सावकारी होती, बाजार होता, एकट्या पिकावर टांगलेला संसार होता. पण चौथ्यांदा तेच औषध विकत घेण्याआधी 'हे आता का चालणार नाही' हे सांगणारं कुणी बांधावर असतं, तर निदान तेवढं कर्ज तरी टळलं असतं. म्हणून हा धडा शेतकऱ्याच्या पोराला सगळ्यात आधी शिकवायला हवा असं मी मानतो.

झालं उलटंच. एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानातला उत्क्रांतीचा भाग वगळला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाची नुसती 'आनुवंशिकता' झाली. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्र काढून त्याला विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, असं त्यावर सांगितलं जातं. पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुलं किती, आणि दहावीनंतर शेतात उतरणारी किती? कर्नाटक सीमेच्या अलीकडं, महाराष्ट्रात मात्र, बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलंच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. कर्नाटकातल्या आळंद आणि महाराष्ट्रातल्या अक्कलकोट तालुक्यांच्या बांधाला बांध लागलेला आहे, अळीचा पतंग रातोरात इकडून तिकडं जातो.

अळीवर निवड आपण नकळत केली. तुरीवर जाणूनबुजून केली. तुरीची सगळ्यात जवळची रानटी बहीण ओडिशा आणि बस्तरच्या जंगलात अजून आहे. रानटी तुरीची शेंग पिकली की तडकते आणि दाणे उधळते, कारण रानात बी पसरलेलं बरं. माणसाला ते नको होतं. ज्या झाडाच्या शेंगा खळ्यापर्यंत मिटलेल्या राहिल्या, त्यांचंच बी घरी आलं आणि पुढच्या वर्षी पेरलं गेलं. टपोरा दाणा, न तडकणारी शेंग, दोन्ही अशाच शेकडो पिढ्यांच्या वेचणीतून आली. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाचं पहिलं प्रकरणही माणसानं पाळलेल्या जनावरांवर आणि पिकांवर आहे, आणि ते मुद्दाम. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली 'गुलबर्गा तूर डाळ' ही या लांबलचक निवडीची ताजी कडी म्हणता येईल. हैदराबादजवळच्या पटणचेरूला इक्रिसॅट संस्थेच्या जनुकपेढीत तुरीचे तेरा हजारांहून जास्त नमुने जपलेले आहेत. मर रोगानं रानंच्या रानं वाळू लागली तेव्हा अशाच साठ्यातून टिकणारे वाण निवडता आले. १९८६ मध्ये कर्नाटकात आलेला 'मारुती' त्यांतलाच. मर त्याला सोसते, वांझ रोग मात्र सोसत नाही. एका गुणासाठी निवड केली म्हणजे बाकीचे गुण आपोआप येतात असं नाही.

घाटेअळीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. कपाशीवर तीच अळी हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणून ओळखली जाते. अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस २००२ मध्ये आला. गुलाबी बोंडअळीनं आधी गुजरातेत एका जनुकाचं आणि पुढं दोन जनुकांचंही बीटी पचवलं. २०१७ चा तडाखा विदर्भ-मराठवाडा विसरलेला नाही. हिरव्या बोंडअळीनं मात्र शेतात तशी धूळधाण केली नाही. कारणं एकापेक्षा जास्त आहेत, पण एक मोठं कारण तुमच्या आमच्या शेतात उभं आहे. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते, म्हणजे तिची सगळी वस्ती एकाच चाळणीतून जाते. घाटेअळी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवर, ज्वारीच्या कणसावरही जगते. तिथं बीटी नाही, त्यामुळं साधे पतंग तयार होत राहतात आणि कपाशीतून वाचलेल्या टणक पतंगांशी त्यांचा संकर होतो. टणकपणा पसरण्याआधीच पातळ होतो. बीटीच्या कडेनं साध्या कपाशीच्या किंवा तुरीच्या ओळी पेरायला सांगतात ते याचसाठी. ही जनुकांची देवाणघेवाण उलटीही होते. ब्राझीलमध्ये घाटेअळी २०१३ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली. तिथल्या भाऊबंद जातीशी तिचा संकर झाला आणि ते सीवायपीचं जोडजनुक त्या जातीत शिरलं.

भाऊबंद ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीचं एक फूल आणि हरभऱ्याचं एक फूल घेऊन पाकळ्या हलक्या हातानं सुट्या करा. दोन्हीत एक मोठी उभी पाकळी, बाजूला दोन पंख, खाली नावेसारख्या जुळलेल्या दोन. नाव उघडली की आत दहा पुंकेसर : नऊ खाली एकमेकांना चिकटलेले, दहावा सुटा. एक पिवळं, एक जांभळट, एक डोक्याएवढ्या उंचीवर, एक गुडघ्याच्याही खाली. पण आतली मांडणी एकच. मुगाचं, उडदाचं फूल उघडलं तरी हाच नकाशा. समान पूर्वज असल्याशिवाय इतक्या बारीक गोष्टी जुळत नाहीत. या कुळाचे सगळ्यात जुने जीवाश्म सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत, आणि ज्या काळ्या दगडाची झिजून इथली काळी माती झाली तो दख्खनचा लाव्हाही साधारण त्याच सुमारास ओतला गेला.

आता पुन्हा अळीकडं. कलबुर्गीच्या शेतकऱ्यांनी तिच्यावर एक बिनऔषधी तोड वापरली. दोघं-तिघं मिळून तुरीच्या ओळीत शिरायचं, झाडाखाली ताडपत्री किंवा पोत्यांची पथारी ओढत न्यायची आणि झाड गदगदा हलवायचं. अळ्या टपाटप पडतात, गोळा करून मारायच्या किंवा कोंबड्यांना टाकायच्या. इक्रिसॅटच्या कीटकशास्त्रज्ञांनीही या पद्धतीची दखल घेऊन तिचा प्रसार केला. हलवल्यानं विष पचवणारी अळी वेगळी निवडली जात नाही. दोन्ही सारख्याच पडतात. पण वर्गातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी लगेच विचारील : मग घट्ट पकड असलेल्या अळ्या वाचत राहतील ना, आणि काही वर्षांनी हलवूनही पडणार नाहीत?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर शाळेतच शोधता येईल. पहिल्या झटक्यात पडलेल्या अळ्या एकीकडे, चार झटक्यांनंतरही चिकटून राहिलेल्या दुसरीकडे. प्रत्येकीला स्वतंत्र बरणी द्यायची, कारण घाटेअळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. खाली ओलसर माती, रोज ताज्या शेंगा. पतंग झाले की दोन्ही गट वेगळे ठेवून त्यांना साखरपाणी द्यायचं, अंडी घेऊन पिल्लं तुरीच्या फांदीवर वाढवायची आणि पुन्हा झटके मोजायचे. चिकट आईबापांची पिल्लंही जास्त चिकट निघाली, तर पकडीतला फरक वारशानं येतो असं धरायला जागा आहे आणि हलवण्याबरोबर दुसरीही तोड हाताशी ठेवायला हवी. दोन्ही गटांची पिल्लं सारखीच पडली, तर पकड त्या दिवशीच्या वयावर, थंडीवर नाहीतर भुकेवर होती, आणि झाडं हलवत राहायला हरकत नाही.