चतुःसीमेवरून घराचा शोध

1876 पासून पहिल्या महायुद्धाच्या आरंभापर्यंतच्या सुमारे चाळीस वर्षांत जवळजवळ एक कोटी चाळीस लक्ष माणसे इटली सोडून गेली, आणि एकट्या 1913 साली तर साडेआठ लाखांहून अधिक जणांनी देशाचा किनारा सोडला. त्यांतले पुष्कळ परतले हे खरे. परंतु जे न्यूयॉर्क, ब्यूनस आयर्स किंवा साओ पावलो येथे कायमचे स्थायिक झाले, त्यांच्या पणतवंडांना आज आपल्या घराण्याचे मूळ घर डोळ्यांनी पाहण्याची ओढ लागली आहे. या ओढीला मी केवळ पर्यटकाची हौस मानत नाही. ज्या घरातून माणूस दारिद्र्यामुळे बाहेर पडला त्या घराविषयी तो मुलांशी क्वचितच बोलला, आणि म्हणूनच त्या घराची आठवण कुटुंबात नाही. ती असली तर सरकारी व धर्मसंस्थेच्या दप्तरांत आहे.

शोधाला निघणारा बहुधा आडनाव हाती धरून निघतो आणि तिथेच वाट चुकतो, कारण रुस्सो किंवा एस्पोझितो ही आडनावे हजारो कुटुंबांत आढळतात. घराआधी गाव निश्चित झाले पाहिजे. जन्म, विवाह व मृत्यू यांचे दप्तर तिथे ज्या त्या ‘कोमूने’चे, म्हणजे स्थानिक नगरपालिकेचे असते, आणि अशा कोमूनेंची संख्या आठ हजारांच्या घरात आहे. गावाचा पत्ता पुष्कळदा इटलीबाहेरच सापडतो: अमेरिकेला जाणाऱ्या उतारूंच्या याद्यांत 1907 पासून मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातलगाचे नाव व ठिकाण लिहून घेत असत. तेवढ्यावरही विसंबता येत नाही. सिसिलीतील जिर्जेंतीचे 1927 साली आग्रिजेंतो झाले आणि कास्त्रोजोव्हान्नीचे एन्ना झाले, तेव्हा जुने नाव आजच्या नकाशावर असेलच असे नाही.

गाव ठरल्यावर जन्माची नोंद हे पहिले साधन. नेपल्सच्या राज्यात मुलकी नोंदणी 1809 साली व सिसिलीत 1820 साली सुरू झाली, आणि देशाच्या एकीकरणानंतर 1866 पासून ती बहुतेक सर्वत्र एकाच नमुन्याने होऊ लागली. या नमुन्यानुसार बापाने मुलाची वर्दी दोन साक्षीदारांसमक्ष अधिकाऱ्याला द्यायची, आणि मूल कोणत्या रस्त्यावरील कितव्या क्रमांकाच्या घरात जन्मले हे अधिकाऱ्याने नोंदवायचे असा प्रघात होता. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांनी अशा असंख्य नोंदवह्यांची छायाचित्रे ‘आंतेनाती’ या संकेतस्थळावर विनामूल्य खुली केली आहेत, ही फार मोठी लोकसेवा आहे असे मला वाटते. मात्र नोंदीतील घराच्या क्रमांकाने हुरळून जाऊ नये. एकीकरणानंतर रस्त्यांना सेनानी गारिबाल्दीचे व राजा व्हित्तोरियो इमानुएलेचे नाव मिळाले, 1931 साली फॅसिस्ट सरकारने प्रत्येक गावातील एका प्रमुख रस्त्याला रोमचे नाव देण्याचा हुकूम काढला, आणि मधल्या काळात घरांचे क्रमांकही बदलत गेले.

म्हणून माझे ठाम मत असे की, घर शोधावे ते त्याच्या शेजाऱ्यांवरून. आपल्याकडील जुन्या खरेदीखतांत मिळकतीची चतुःसीमा लिहीत, पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस सरकारी रस्ता; तीच रीत इटलीच्या कागदांत आहे. नेपल्सचा बूर्बों राजा चार्ल्स याने 1740 नंतर करविलेल्या करपाहणीत, म्हणजे ‘कातास्तो ओंचारियो’त, प्रत्येक कुटुंबप्रमुखाचे नाव, वय व धंदा, घरातील माणसे, गाढवे-शेळ्या, घर स्वतःचे की भाड्याचे, आणि त्या मिळकतीला लागून कोणाकोणाच्या मिळकती आहेत, हे सारे येते. धर्मगुरू ईस्टरच्या सुमारास घरोघर फिरून लिहीत असलेली ‘आत्म्यांची यादी’ याहून मोलाची, कारण ती बहुधा गल्लीच्या क्रमानेच लिहिलेली असते. या क्रमात एखादे चर्च किंवा जमीनदाराचा वाडा यांसारखे आजही जागेवर असलेले ठिकाण सापडले, की तिथून घरे मोजत जाता येते. पुढे भूमापन कार्यालयातील नकाशाचा ताव व त्यावरील तुकड्याचा क्रमांक मिळाला म्हणजे कागद आणि भिंत यांची गाठ पडते.

आणखी एक गोष्ट शोधणारे हटकून विसरतात. दक्षिणेत कित्येक ठिकाणी, बासिलिकातातील पिस्तिच्चीसारख्या गावी, घर मुलाला न मिळता मुलीला हुंड्यात मिळत असे. तेव्हा पणजोबांच्या आडनावाने घर सापडत नसेल तर पणजीचे माहेर पाहावे. इटलीच्या दप्तरांत विवाहानंतरही स्त्रीचे आडनाव माहेरचेच राहते, त्यामुळे हे काम वाटते त्याहून सोपे जाते. हुंड्याचे करार नोटरीपुढे होत, आणि शंभर वर्षांहून जुने नोटरी-दस्त सरकारी अभिलेखागारात जमा होतात. ज्या घराण्यांची आडनावे सारखी, ती गावाने दिलेल्या टोपणनावांवरूनच ओळखू येतात, आणि ही टोपणनावे गावातील वृद्धांना विचारावीत.

कधी घर उरलेलेच नसते. 1968 च्या जानेवारीतील भूकंपाने पश्चिम सिसिलीतील जिबेल्लीना उद्ध्वस्त झाले व गाव दूर नव्याने वसविले गेले. जुन्या अवशेषांवर आल्बेर्तो बुर्री या चित्रकाराने पांढऱ्या काँक्रीटचे अफाट आवरण घातले, पण जुन्या गल्ल्यांच्या रेषा त्यात चिरांसारख्या राखल्या. तिथल्या वंशजाला निदान आपल्या गल्लीच्या मागावरून चालता तरी येते.

घर उभे असले तरी मालकीचा प्रश्न वेगळाच असतो. वारसांत पिढ्यान्‌पिढ्या हिस्से होत गेल्याने दोन खोल्यांच्या घराचे डझनभर सहहिस्सेदार तीन खंडांत विखुरलेले असतात. शिवाय वीस वर्षांच्या अखंड व उघड वहिवाटीने मालकी प्राप्त होते असा तिथला दिवाणी कायदा आहे. हे आत राहणाऱ्या कुटुंबाला चांगले ठाऊक असते, आणि परदेशी पाहुणा दाराशी उभा राहिला की त्यांच्या मनात शंका येते. त्याने आधीच सांगून टाकावे की आपण हक्क सांगायला आलेलो नाही, आणि मग पणजीच्या विवाहकराराची व जन्मनोंदीची प्रत त्यांच्यापुढे ठेवावी. स्वतःच्याच घराचे ते कागद त्यांनीही बहुधा कधी पाहिलेले नसतात.